तिसरी शिट्टी

"अरे, मी खाली जाऊन कोथिंबीर घेऊन येते. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर."

यावर मी "हो" म्हणालो होतो. नाकारण्यात अर्थ नाही, कारण नंतर त्या "हो"ची घरात बरीच उलटतपासणी झाली. "हो म्हणालास ना? म्हणजे ऐकू आलं होतं ना?" आलं होतं. पण त्या वेळी मी कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये नव्हतोच, हे आईला कसं पटवायचं?

मी होतो पहाटेच्या दुधात. घरपोच दूध देणाऱ्या एका ॲपचं काम माझ्याकडे आहे आणि त्यात एक चमत्कारिक बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, निघाला होता. काही गिऱ्हाइकांनी एक तारखेपासून दूध सुरू केलं, तर त्यांना आदल्या महिन्याचंही बिल गेलं. एका पिशवीचं. बाकीच्यांचे हिशेब मात्र चोख. रक्कम अर्ध्या लिटरची. पण अर्ध्या लिटरच्या हिशेबावरून पुण्यात माणूस कुठवर जाऊ शकतो, हे मी वेगळं सांगायला नको.

असा बग शोधताना हातांना फारसं काम नसतं. लांबून बघणाऱ्याला एक माणूस पडद्याकडे टक लावून बसलेला दिसतो, मधूनच नखं खातो. आत मात्र कुकर लावणं चालू असतं. दूधवाल्याने पिशवी ठेवून फोनवर बटण दाबलं ती वेळ, हा तळाचा डबा. ती वेळ सर्व्हरने, म्हणजे ॲपच्या मागे चालणाऱ्या कॉम्प्युटरने, कशी नोंदवली, हा त्यावरचा. डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींच्या कोठारात, ती कुठल्या रूपात जाऊन बसली, हा तिसरा. आणि बिल काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिच्यातून तारीख कशी उचलली, हा चौथा. ही चळत डोक्यात हलेनाशी बसली, की मग कुठला डबा वाकडा आहे ते दिसतं. मी चौथ्या डब्यापाशी होतो.

शिट्ट्या झाल्या असणार. शेजारच्या काकूंनी नंतर आकडाही सांगितला, पण त्यावर माझा विश्वास नाही. पुढे तळाचं पाणी आटलं, तशा शिट्ट्याही थांबल्या, म्हणजे कानांकडून होती नव्हती ती आशाही गेली. मला उठवलं ते वासाने. रबरी रिंग, तूरडाळ आणि हिंग यांचा मिळून तो वास होता. सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेला, वरणाचा डबा बुडाशी काळाकुळकुळीत, आणि कुकर काळा पडू नये म्हणून आईने तळाच्या पाण्यात टाकलेली लिंबाची साल कोळसा होऊन चिकटलेली. कोथिंबिरीची जुडी हातात धरून आई दारात उभी.

"चाळिशी उलटली," ती म्हणाली, "तीनपर्यंत मोजता येत नाही?"

प्रश्न रास्त होता. मी त्यावर बराच विचार केला, आणि त्या दिवशी तरी डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. चारही डबे वासासरशी कोसळले होते.

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला दिवसभर कोणी ना कोणी हाका मारत असतं. तुम्ही कीबोर्डवरचं एक बटण दाबलंत तरी त्याच्या हातातलं काम थांबतं. या व्यत्ययाला आम्ही इंटरप्ट म्हणतो. पण तो गडी शिस्तीचा. आपण कुठल्या ओळीवर होतो, हातात कुठले आकडे होते, ते आधी एका जागी टिपून ठेवतो, मग हाकेला ओ देतो, आणि परत येऊन नेमका तिथूनच पुढे चालू लागतो. हे सगळं निमिषात. मी गेली अठरा वर्षं या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहितोय, पण त्याची ही सवय काही मला लागली नाही. मला कोणी "अरे, एक मिनिट" म्हटलं की मी टिपून वगैरे काही ठेवत नाही. हातातलं थेट जमिनीवर पडतं.

आईला मात्र ती सवय जन्मजात असावी. ती फोनवर मावशीशी बोलत, मेथी निवडत, टीव्हीवरच्या सुनेला मनातून चार शब्द सुनावत बरोब्बर तिसऱ्या शिट्टीला गॅसच्या बटणापाशी पोचते. "तू मोजतेस तरी कशी?" असं मी तिला विचारलं. "मोजत नाही. ऐकू येतात," ती म्हणाली. या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

नवा कुकर आला, रीतसर माफीनामा झाला, आणि त्यानंतर काही दिवस मी शिक्षा म्हणून कुकरवर लक्ष ठेवायला शेगडीपाशी उभा राहिलो. तिथे एक गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली. पहिली शिट्टी व्हायला फार वेळ लागतो. पाणी तापतं, डबे तापतात, आतली हवा बाहेर जाते, मग वाफ धरते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं आणि तिथेच राहतं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून ते १२० च्या आसपास जातं, आणि डाळ झटपट शिजते ती त्या वरच्या वीस अंशांमुळे. पहिली शिट्टी होईपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरी आणि तिसरी मात्र पाठोपाठ येतात. आणि मध्येच कोणी "झालं का बघू" म्हणून वाफ काढून झाकण उघडलं, की पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

आमच्या ऑफिसात दर वीस मिनिटांनी कोणीतरी झाकण उघडतं.

चॅटवर माझ्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. थोडा वेळ माऊस हलला नाही की तो पिवळा होतो, म्हणजे साहेब जागेवर नाहीत. आता, विचार करताना मी माऊस हलवत नाही. त्यामुळे दिवसातलं माझं खरं काम मी पिवळा असताना होतं, आणि हिरवा असतो तेव्हा मी बहुतेक "हो, बघतो" असं टाइप करत असतो. ठिपका हिरवा ठेवण्यासाठी लोक काय काय करतात! एकाने म्हणे बाळाच्या पाळण्याला माऊस बांधला होता. बाळ झोपलं की बाप पिवळा.

शिवाय रोज सकाळी साडेदहाला स्टँड-अप, म्हणजे टीमची छोटी बैठक. नाव उभं राहण्याचं, पण घरून सगळे बसूनच बोलतात. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न. टीमने काम कसं करावं हे सांगणाऱ्या ज्या स्क्रम पद्धतीतून हे आलं, तिच्या अधिकृत गाइडमधून २०२० साली हे तीन प्रश्न काढूनही टाकले. आमच्यापर्यंत ती बातमी पोचायची आहे. आई या प्रकाराला "तुमची हजेरी" म्हणते.

शिट्ट्या मोजून डाळ शिजली की नाही ते ठरवायची ही खोड जुनी आहे. १९८२ मध्ये ॲपल कंपनीत लिसा नावाच्या कॉम्प्युटरचं काम चाललं होतं. तिथल्या मॅनेजरांना वाटलं, दर आठवड्याला कोणी किती ओळी कोड लिहिला याचा फॉर्म भरून घ्यावा. बिल ॲटकिन्सन हा त्यातला खंदा माणूस. पडद्यावर चित्रं उमटवणारा क्विकड्रॉ त्याने लिहिलेला. नेमक्या त्याच सुमारास त्याने क्विकड्रॉचा एक भाग नव्याने लिहून काढला. तो जवळजवळ सहापट वेगाने चालू लागला आणि कोड दोन हजार ओळींनी घटला. ॲटकिन्सनने फॉर्मवर लिहिलं: उणे २०००. पुढे काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. आमच्या टाइमशीटचा चौकोन उणे आकडा घेत नाही. मी घालून पाहिलाय, लाल होतो.

उपाय म्हणून मी टोमॅटोही आणला. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून अभ्यास सुरू केला: पंचवीस मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नाव पोमोदोरो. जगात पुष्कळांना ती मानवते. मला नाही मानवली, कारण माझी वाफ धरते न धरते तोच टोमॅटो वाजायचा. चार दिवसांनी तो टेबलावरून नाहीसा झाला आणि इडलीपात्राशेजारी सापडला. "इडल्यांना बारा मिनिटं लागतात," आई म्हणाली, "तुझ्याकडे उगीच टिकटिकत होता."

त्या बगचं सांगायचं राहिलं. कुकर जळाला त्या दिवशी संध्याकाळी मी चारही डबे पुन्हा रचले. दुपारी दोन तासांत जिथे पोचलो होतो, तिथे पोचायला परत दोन तास लागले. सर्व्हर जागतिक वेळ पाळत होता आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत दारात पडलेली प्रत्येक पिशवी त्याच्या हिशेबाने आदल्या दिवसाची. साडेपाचनंतर दूध मिळणाऱ्यांना काहीच तोशीस नव्हती, म्हणून तक्रारी फक्त लवकर उठणाऱ्या गल्ल्यांमधून येत होत्या. दुरुस्ती एका ओळीची होती.

दुसऱ्या दिवशी हजेरीत मी तसं सांगितलं, "काल एक ओळ बदलली." आई मागे पोळ्या लाटत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "एका ओळीपायी कुकर जाळलास?" मग लाटणं थांबवून थोडा विचार केला आणि विचारलं, "त्या लोकांना पिशवीचे पैसे परत मिळाले ना पण?" मिळाले, म्हटलं. "मग ठीक आहे."

परवा गुरुवारी ती गच्चीत कपडे काढायला गेली होती. कुकर लावलेला होता, मला काही सांगितलेलं नव्हतं. ते आता कोणी सांगत नाही. पहिली शिट्टी झाली, ती ऐकली. दुसरीही ऐकली. तिसरीला उठलो आणि गॅस बंद केला. कपड्यांचा ढीग घेऊन ती दारातून आत आली, तिने शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज ऑफिसात काही काम नाही वाटतं?"