हिऱ्यातील एक रिकामी जागा

हिऱ्यात कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. त्यांपैकी एकाच्या जागी नायट्रोजन बसला आणि त्याला लागूनची जागा रिकामी राहिली, तर त्या जोडीला एनव्ही (नायट्रोजन-व्हेकन्सी, म्हणजे नायट्रोजन आणि रिकामी जागा) केंद्र म्हणतात. क्वांटम तंत्रज्ञानातील इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा मला या अणुएवढ्या दोषाचे आकर्षण अधिक वाटते, आणि त्याचे मुख्य कारण आहे तो वाचण्याची रीत.

केंद्रावर 532 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा लेसर टाकला की ते लाल प्रकाश देते, पण तो किती तेजस्वी असेल हे तेथील इलेक्ट्रॉनांच्या स्पिनवर, म्हणजे त्यांना चिमुकल्या चुंबकासारखे वागवणाऱ्या क्वांटम गुणधर्मावर, ठरते. स्पिन शून्य अवस्थेत असेल तर उजेड जास्त. अधिक एक किंवा उणे एक असेल तर कमी, कारण तेव्हा उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन पुष्कळदा हा लाल प्रकाश न देणाऱ्या आडवाटेने खाली उतरतात. ही आडवाट त्यांना बहुतांशी शून्य अवस्थेत आणून सोडते. म्हणजे तोच लेसर पाटी वाचतो आणि पुसून कोरीही करतो. सोबत मायक्रोवेव्ह सोडून त्यांची वारंवारता हळूहळू वाढवत नेली, तर 2.87 गिगाहर्ट्झपाशी लाल प्रकाशाच्या आलेखात एक खळगा पडतो. चुंबक जवळ आणला की त्या खळग्याचे दोन होतात आणि त्यांच्यातील अंतरावरून चुंबकीय क्षेत्र मोजता येते. हे सारे खोलीच्या तापमानाला घडते, हे मला आजही विलक्षण वाटते. कार्बन-13 (स्वतःचा स्पिन असलेला, म्हणून व्यत्यय आणणारा कार्बनचा प्रकार) काढून टाकलेल्या शुद्ध हिऱ्यात तर स्पिनची अवस्था या तापमानालाही मिलिसेकंदाहून अधिक काळ टिकलेली आहे.

त्यामुळे या केंद्रांचा खरा उपयोग आज संवेदकांत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 2013 मध्ये सूक्ष्म हिऱ्यांच्या साहाय्याने जिवंत पेशीच्या आतील तापमान मोजण्यात आले, आणि ते मला क्वांटम संगणकाविषयीच्या मोठ्या दाव्यांपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

दूरदूरची केंद्रे प्रकाशाने जोडणाऱ्या क्वांटम जाळ्याची वाट मात्र खडतर आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे 2015 मध्ये 1.3 किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतील स्पिन परस्परांशी गुंफून (एंटँगल करून) बेलची कसोटी, म्हणजे अशी गुंफण नेहमीच्या स्थानिक कारणांनी समजावता येते का हे तपासणारी चाचणी, पळवाटा न ठेवता पार पाडली गेली, पण त्यासाठी हिरे अतिशीत ठेवावे लागले आणि 220 तासांत अवघे 245 प्रयत्न नोंदवता आले. केंद्राच्या प्रकाशापैकी जेमतेम 3 टक्के भागच अशा गुंफणीच्या कामाचा असतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. म्हणून काही संशोधक नायट्रोजनऐवजी सिलिकॉन असलेल्या केंद्रांकडे वळले आहेत. त्यांच्या प्रकाशाचा बराच मोठा भाग अशा कामाचा असतो, परंतु त्यांची स्पिन-अवस्था टिकवण्यासाठी निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ जावे लागते.