चांदोद: एक संगम, तीन कारभार

बडोद्यातल्या मराठी घरांत चांदोदचं नाव बहुतेक कार्यासाठीच निघतं. पुण्याहून मामा-मामी श्राद्धविधीसाठी आले, म्हणून या वेळचं आमचं जाणंही त्याच निमित्ताने झालं. विधींचं तुमचे गोर, म्हणजे पुरोहित, सांगतीलच. मी लिहितोय ते गावाबद्दल, कारण तिथे कुठली जागा कोणाच्या हद्दीत येते हे माहीत नसेल तर अर्धा दिवस फुकट जातो.

बडोद्याहून डभोई तीसेक किलोमीटर, पुढे चांदोद वीसेक. एसटी मिळते, पण बरोबर वडीलधारी माणसं असतील तर गाडीच करा. केवडियाची ब्रॉडगेज जानेवारी 2021 मध्ये सुरू झाली तेव्हा चांदोदलाही नवं स्टेशन झालं. तरी वेळापत्रक बघूनच निघा. गायकवाडांची बैलांनी ओढायची रेल्वे 1862 मध्ये याच डभोईहून मियागामपर्यंत धावली होती, हे मामांना सांगितल्यावर पुढचा सगळा रस्ता तोच विषय!

गाव नर्मदेच्या उजव्या काठावर, उंच दरडीवर आहे. काठाची माती गाळाची, पावसाने चिरत गेलेली, त्यामुळे आसपास घळीच घळी. इकडे त्यांना कोतर म्हणतात. छोटा उदेपूर, बोडेली, संखेडा करत ओरसंग येते आणि इथे नर्मदेला मिळते. ही वाळूची नदी. उन्हाळ्यात पाणी थोडं नि वाळूच फार. तिसरी सरस्वती, गुप्त.

आता हद्दी बघा. घाटाकडची बाजू चांदोद ग्रामपंचायतीची. ओरसंगपलीकडे करनाळी, जिथे कुबेरभंडारीचं देऊळ आहे. तिथली पंचायत वेगळी, शेजारच्या छोट्या गावांना धरून केलेली. अरुण जेटलींनी सांसद आदर्श ग्राम योजनेत निवडली होती ती हीच. दोन्ही गावं डभोई तालुक्यातली. पण नर्मदेच्या पलीकडचं पोइचा थेट दुसऱ्या जिल्ह्यात, 1997 मध्ये झालेल्या नर्मदा जिल्ह्यात. म्हणजे इकडच्या काठावर बडोद्याच्या कलेक्टरांचा हुकूम, तिकडे राजपीपळ्याच्या. मे 2024 मध्ये पोइच्याला सात जण बुडाले, त्यानंतर नदीत उतरण्याच्या नियमांची फार चर्चा झाली. तेव्हा ज्या काठावर उतराल तिथला फलक वाचा.

आणि पाण्याचा कारभार या तिघांकडेही नाही, तो वरच्या सरदार सरोवर धरणाकडे. सप्टेंबर 2023 मध्ये दरवाजे उघडल्यावर चांदोद-करनाळीत पाणी शिरलं होतं. पावसाळा नसला तरी सोडलेल्या पाण्यावर पातळी वरखाली होते. मामींनी चपला खालच्या पायरीवर काढल्या होत्या. नाववाल्याने काही न बोलता उचलून चार पायऱ्या वर ठेवल्या. मल्हारराव घाटाच्या पायऱ्या चढायला उभ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर थांबत चढा. नावेचा दर बसण्याआधी ठरवा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. हरणी तलावात नाव उलटून झालेल्या दुर्घटनेनंतर बडोदेकरांना हे सांगायला नको.

गाव लहान, बोजा मात्र तीर्थाचा. सरपंच गावच्या मतांनी निवडून येतो, घरवेरा, म्हणजे घरपट्टी, गावकरी भरतात, आणि निर्माल्य, पत्रावळी, प्लास्टिक सोडून जातो आपण. दर अमावस्येला करनाळीत जी गर्दी लोटते ती पेलणं कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं माझं मत. गर्दी नको असेल तर अमावस्या टाळा.

सरकारी काम असेल तर: पंचायतीचं दप्तर तलाटी-कम-मंत्री सांभाळतात, महाराष्ट्रातल्या ग्रामसेवकासारखे. ते रोज भेटतीलच असं नाही, आधी चौकशी करा. वरचं काम डभोईला, तालुका विकास अधिकारी किंवा मामलतदारांकडे. मृत्यूचा दाखला मात्र अस्थी विसर्जन केल्या तिथे मिळत नाही, मृत्यू झाला तिथेच. बडोद्यात झाला असेल तर महानगरपालिकेत. घाटावर हे विचारत फिरणारं कोणी ना कोणी भेटतंच.

जेवणासाठी घरून दशम्या न्या.