तूप अजून का देता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

चवथीला भेटा, लग्नात भेटा, देवळात पालखीला भेटा, प्रश्न तोच, "पोराला हार्टचं दुखणं, त्यात चरबीचा दोष म्हणालात, मग तूप कसं देता?" एकदाच लिहिते.

त्याला बार्थ सिंड्रोम आहे. दोष आहे तो पेशीच्या आतल्या चरबीचा, कार्डिओलिपिनचा. माइटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर, त्याच्या आतल्या पडद्यात ऊर्जा बनवणारी प्रथिनं त्याच्याच आधाराने धरून राहतात. त्याचा कच्चा माल येतो पेशीतल्या ईआर नावाच्या भागातून. पेशीत बराचसा माल बारीक पिशव्यांतून फिरतो, पण माइटोकॉन्ड्रियाला तो रस्ताच नाही, म्हणजे गोव्यातल्या दिवाडी बेटावर जायचं तर फेरीबोटच लागते ना, तसंच, दोघांचे पडदे जिथे अगदी जवळ येतात तिथे प्रथिनं चरबीचे रेणू पलीकडे नेतात, आणि तिथून आतल्या पडद्यापर्यंत न्यायला परत वेगळं प्रथिन. माझ्या पोराचं इथपर्यंत सगळं चालतं, कार्डिओलिपिन तयारसुद्धा होतं. पण कार्डिओलिपिनला चरबीच्या आम्लांच्या चार शेपट्या असतात, त्या शेवटी बदलाव्या लागतात, हृदयात तर बहुतेक लिनोलेइक आम्लाच्या, आणि ते करणारं टाफाझिन नावाचं प्रथिन माझ्या पोरात बिघडलंय. त्या प्रथिनाचं जनुक 1996 मध्येच सापडलंय. यात ताटातलं तूप आलं कुठून?

गेल्या चवथीला पंगतीत एका आत्यांनी त्याच्या वरणभातावरचं तूप चमच्याने काढून घेतलं, नेवरीपण (करंजी) उचलली, "हार्टवाल्यांनी तळलेलं खायचं नसतं रे बाबू." सगळ्यांसमोर. तो काही बोलला नाही, उरलेला भात खाल्ला, पान उचललं आणि बाहेर जाऊन बसला. बाकीची पोरं धावत होती, तो तसाही लगेच दमतो. मी आत्यांना जोरात बोलले, बोलणारच होते. तर पलीकडून कुणीतरी म्हणालं, "पण आमच्या घराण्यात हे नव्हतं." नव्हतंच. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, माझ्याकडून आलंय, प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. मी तिथेच सांगितलं. मग नवऱ्याने जेवण अर्धंच टाकलं, तेही माझ्यावरच आलं.

पूर्वी मला वाटायचं, सायन्स नीट समजावलं की लोक थांबतील. आता वाटत नाही. आत्यांनी मायेनेच काढलं हे कळतं हो, तरी राग जात नाही आणि जायला हवा असंही मला वाटत नाही. कधीकधी रात्री मीच तुपाच्या डब्याकडे बघत विचार करते की खरंच काही संबंध नसेल ना, सगळं वाचलेलं असून.

तूप बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, जास्त वेळ उपाशी ठेवू नका असं मात्र सांगितलंय. तेव्हा पंगत उशिरा असेल तर त्याला आधी वाढा, आणि त्याच्या पानातलं काही उचलायचं असेल तर आधी मला विचारा.