बायकांची मारामारी चालत नाही का?

मी ॲक्शन पिक्चर आवडीने बघते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, मग काय गं, बायकांचे ॲक्शन पिक्चर पडतात का? आता तुम्हीपण विचारलंत म्हणून सांगते.

२०१९ च्या नोव्हेंबरातला नवा 'चार्लीज एंजल्स' घ्या, चार्ली नावाच्या बॉससाठी काम करणाऱ्या लेडी डिटेक्टिव्हांचा. मी पहिल्याच आठवड्यात गेले, हॉलमध्ये मी, मैत्रीण, एक जोडपं आणि कडक एसी. अमेरिकेतसुद्धा पहिल्या वीकेंडला जेमतेम ८४ लाख डॉलर, आणि त्याच दिवशी लागलेल्या कार रेसिंगच्या पिक्चरने ३ कोटींच्या वर नेले.

पण लोकांना बाई हाणामारी करताना बघवत नाही, हे काही मला पटत नाही. २००० साली याच नावाचा पिक्चर कॅमेरॉन डियाझ, ड्रू बॅरीमोर आणि लूसी ल्यूने केला तेव्हा जगभरातून २५ कोटी डॉलरच्या वर आले होते. आणि आपल्या मुंबईत तर १९३५ लाच 'हंटरवाली' पिक्चरमध्ये स्टंटवाली नटी नाडिया चाबूक घेऊन बाप्यांना बडवत होती, तुफान चालला तो!

खरी गोची अशी की २०१९ चा एंजल्स कोणी मागितलाच नव्हता. मूळ टीव्ही मालिका १९७६ ची, तिचे फॅन आता आजी-आजोबा, २००० वाल्यांना त्याच तिघी हव्या होत्या, आणि विशीतल्या पोरींना चार्ली कोण नि त्याचा मदतनीस बॉस्ली कोण याचं काही पडलेलंच नव्हतं. त्यात इथे बॉस्ली ही पोस्टच करून टाकली, जिकडे तिकडे बॉस्ली, आणि शेवटी रिटायर झालेला बॉस्लीच व्हिलन निघतो. अरे पण ज्याचा बॉस्लीवर आधी जीवच नाही त्याला धक्का कसला बसणार?

वर सुरुवातीलाच एंजल झालेली क्रिस्टन स्टुअर्ट एका माणसाला ऐकवते की बायका काहीही करू शकतात. बाई गं, मान्य आहे, तेच बघायला तिकीट काढलंय, आता करून दाखव की! 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मधली हिरोईन फ्युरिओसा भाषण देत बसत नाही, ट्रक पळवते. (आता २०२४ ला तिच्याच नावाचा पिक्चर आला आणि तोही आपटला, मला आवडलेला असूनही, म्हणजे माझ्या थिअरीला भोक आहे हे कबूल.)

एलिझाबेथ बँक्सने एंजल्स लिहिला, डायरेक्ट केला, प्रोड्यूस केला, वर एक बॉस्लीही झाली. नंतर ती म्हणाली की हा फक्त मुलींसाठीचा पिक्चर म्हणून विकायला नको होता, तिने तसा बनवलाच नव्हता. म्हणजे अर्धं पब्लिक पोस्टरवरच कटलं, आणि उरलेल्या अर्ध्यातली माझी मैत्रीण इंटरव्हलला पॉपकॉर्न आणायला गेली ती वीस मिनिटांनी आली, आणि मधे काय झालं हे तिने विचारलंसुद्धा नाही.