एकच काम, तीन ठिकाणी नाव लावताना: पेपर, फिल्म आणि अर्काइव्ह (माझा अनुभव)

आमचं काम थोडक्यात सांगते. एका अर्काइव्हकडे, म्हणजे जुनी कागदपत्रं आणि फिल्म जपणाऱ्या संस्थेकडे, दान म्हणून आलेली १६ एमएमची जुनी रिळं होती, घरगुती चित्रण, आवाज नाही, डब्यांवर अर्धवट पुसलेल्या चिठ्ठ्या. ती ओळखून त्यांची नोंद करायची, त्यावर एक संशोधन पेपर लिहायचा आणि त्याच फुटेजमधून एक माहितीपट करायचा असं ठरलं. पेपर आणि संहिता माझ्याकडे, बाकी एक दिग्दर्शक, एक एडिटर आणि अर्काइव्हमधल्या कॅटलॉगर, म्हणजे संग्रहाच्या नोंदी लिहिणाऱ्या, त्यांना आम्ही सगळे ताईच म्हणायचो. काम संपत आलं तसा प्रश्न उभा राहिला की कुणाचं नाव कुठे आणि काय म्हणून जाणार, आणि मग कळलं की पेपरवाले, फिल्मवाले आणि अर्काइव्हवाले एकाच कामाकडे तीन वेगळ्या नजरेनं बघतात. ते सगळं मार्गी लावताना जे समजलं ते लिहितेय कारण मला तेव्हा हे एका जागी कुठेच सापडलं नव्हतं.

आधी ताईंचं काम काय होतं ते सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. रीळ हातात आलं की ते कधीचं हे कोण सांगणार? कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा छोट्या खुणा छापलेल्या असतात, ही पद्धत १९१६ पासूनची, त्यावरून कच्ची फिल्म कुठल्या वर्षी बनली ते कळतं. पण गोम अशी की त्या खुणा २० वर्षांनी परत तशाच येतात, म्हणजे १९२७ ची खूण १९४७ लाही तीच. आणि फिल्म बनली ते वर्ष कळलं तरी शूट कधी झालं ते कळत नाही, कारण लोक फिल्म घेऊन ठेवून द्यायचे. मग ताई बघायच्या की कपडे कसे आहेत, मागे गाडी कुठलं मॉडेल आहे, तोच मुलगा दुसऱ्या रिळात किती मोठा दिसतोय, चिठ्ठीवरचं अक्षर कुटुंबाच्या पत्रांतल्या कुणाशी जुळतंय. अशानं एकेक रीळ वर्षात बसवलं, माणसं ओळखली, डब्यांची उलटसुलट झालेली क्रमवारी परत लावली. आमचा पेपर आणि आमची फिल्म दोन्ही या क्रमवारीवर उभी आहेत. ती नसती तर आमच्याकडे फक्त सुंदर हलती चित्रं होती, गोष्ट नव्हती.

तरी पेपरच्या पहिल्या यादीत ताईंचं नाव लेखकांमध्ये नव्हतं, शेवटी आभारात होतं. ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं असं की कॅटलॉग करणं ही त्यांची नोकरीच आहे, त्याचे आभार मानतात, लेखक नाही करत. मला हे पटेना. नोकरी म्हणून तर प्राध्यापकही संशोधन करतात, त्यांना कोणी आभारात ढकलत नाही.

मग नियम काढून बसले. आमचं जर्नल वैद्यकीय नव्हतं पण लेखकत्वासाठी त्यांनी वैद्यकीय संपादकांच्या समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे निकषच घेतले होते. हे लोक १९७८ पासून जर्नलसाठी नियम बनवतायत. लेखक व्हायला चार गोष्टी लागतात: कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाचे बौद्धिक बदल करणं, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि पूर्ण कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चौथी २०१३ मध्ये आली. चारही हव्यात, एक कमी पडली तर आभार.

आता खरी मेख दुसऱ्या अटीत असते. ज्यानं माहिती शोधली, जुळवली त्याला मसुदा दाखवायचाच नाही, आणि मग म्हणायचं की यांनी लिहिलं कुठे. हे सर्रास चालतं. पण त्याच नियमांत स्पष्ट म्हटलंय की पहिली अट जो पूर्ण करतो त्याला पुढच्या अटी पूर्ण करायची संधी दिलीच पाहिजे, हे निकष लोकांना बाहेर ठेवायला वापरायचे नाहीत. हे वाक्य मी प्रिंट काढून बैठकीत ठेवलं. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. ताईंकडे मसुदा गेला आणि त्यांनी कालनिर्णयाचा अख्खा भाग नव्यानं लिहिला, कारण मी निष्कर्ष दिले होते आणि त्यांनी प्रत्येक निष्कर्ष कितपत पक्का आहे ते लिहिलं. पेपर त्यानं दुप्पट चांगला झाला, हे मी मनापासून सांगते.

नावांचा क्रम हा वेगळाच विषय. गणितात बहुतेक वेळा वर्णानुक्रमे नावं लागतात, जीवशास्त्रात शेवटचं नाव सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, त्यामुळे तिथे शेवटी असणं मानाचं, आणि आमच्या विषयात असा काही पक्का रिवाजच नाही. २०१५ मध्ये भौतिकशास्त्रातल्या हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या पेपरला ५,१५४ लेखक होते, ३३ पानांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्था, तिथे कोण कुठे याला काय अर्थ उरतो. म्हणून आम्ही क्रमावर जास्त भांडलो नाही, क्रेडिट नावाची जी यादी आहे ती वापरली. त्यात १४ भूमिका आहेत, कल्पना मांडणं, पद्धत ठरवणं, शोध घेणं, डेटा क्युरेशन (म्हणजे माहिती नीट लावून जपणं), पहिला मसुदा, तपासणी आणि संपादन वगैरे, २०२२ मध्ये ती अमेरिकेत अधिकृत मानक झाली. मी पहिली लेखक, ताई दुसऱ्या, आणि भूमिकांमध्ये शोध, पद्धत, डेटा क्युरेशन सगळीकडे त्यांचं नाव आधी. फक्त एक लक्षात ठेवा की ही यादी कुणी काय केलं ते सांगते, लेखक कोण हे ठरवत नाही, ते आधी ठरवून मग यादी भरायची.

दिग्दर्शकांचं नाव पेपरमध्ये आभारात गेलं, त्यांनी पेपरवर काम केलं नव्हतं आणि त्यांना ते लगेच मान्य होतं, आम्ही त्यांची लेखी संमती मात्र घेतली. चिठ्ठ्यांवरचा मजकूर वाचून काढायला एक एआय टूल वापरलं होतं, ते पद्धतीच्या भागात लिहिलं. लेखक म्हणून टूलचं नाव चालत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही.

फिल्मचं प्रकरण जास्त अवघड गेलं. पेपरला निदान लिहिलेले निकष आहेत, माहितीपटात सगळं करारावर आणि सवयीवर. सवय अशी की फिल्म दिग्दर्शकाची. १९५४ मध्ये त्रुफो या समीक्षकानं, जो पुढे स्वतः दिग्दर्शक झाला, फ्रान्समध्ये तो गाजलेला लेख लिहिला, पुढे दिग्दर्शक हाच सिनेमाचा लेखक हा विचार सगळीकडे पसरला, आणि मग एडिटर, संहिता लिहिणारे, फुटेज शोधणारे मागे गेले. पण आमच्यासारख्या फिल्ममध्ये, जिथे एकही नवीन शॉट नाही, तिथे दिग्दर्शन आणि एडिटिंग वेगळं काढणार कसं? एस्फिर शूब या बाईंनी १९२७ मध्ये रशियात जुन्या न्यूजरील आणि झारच्या घरगुती चित्रणातून रोमानोव्ह घराण्याच्या पतनावर पूर्ण लांबीची फिल्म उभी केली, जवळजवळ कॅमेरा न चालवता. दुसऱ्याच्या चित्रणातून निवडणं आणि लावणं हेच तिथे लेखन होतं, आणि आज त्या या प्रकारच्या फिल्मच्या आद्य लेखिका मानल्या जातात. हे उदाहरण मी आमच्या दिग्दर्शकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ऐकत होते. ते समजूतदार माणूस आहेत, नाहीतर पुढचं काही झालं नसतं.

संहितेसाठी माझं एकटीचं नाव होतं. पण फिल्मची रचना, म्हणजे मुलगा मोठा होतो त्या क्रमानं न जाता घरातल्या एका खोलीभोवती गोष्ट फिरवायची, हे एडिटरनं एडिट करताना शोधलं होतं, मी नंतर त्यावर निवेदन लिहिलं. मग संहिता आम्हा दोघांच्या नावावर केली. हॉलिवूडच्या लेखक संघटनेत याला टक्केवारी आहे, मूळ पटकथा दुसऱ्याची असेल तर नंतर आलेल्या लेखकाला ५० टक्के किंवा त्याहून जास्त योगदान दाखवावं लागतं, इतर बाबतीत ३३ टक्क्यांच्या वर, आणि वाद झाला तर तीन लवाद सगळे मसुदे वाचून ठरवतात. माहितीपटात मसुदेच धड नसतात, एडिटिंगची टाइमलाइन असते, म्हणजे शॉट कुठल्या क्रमानं लावले ते. म्हणून आम्ही एडिटच्या प्रत्येक व्हर्जनला तारीख घालून सेव्ह केलं होतं त्याचा फार उपयोग झाला, कुठली कल्पना कधी आली ते दाखवता आलं.

नाव चुकीचं लागलं की दुरुस्तीला किती काळ जातो हे बघायचं असेल तर हॉलिवूडचे पटकथालेखक डाल्टन ट्रम्बो बघा. कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडनं काम नाकारलेल्यांच्या काळ्या यादीत असल्यामुळे १९५३ च्या रोमन हॉलिडेच्या कथेचं ऑस्कर दुसऱ्या लेखकाच्या नावावर गेलं, अकादमीनं ते ट्रम्बोंना १९९३ मध्ये मरणोत्तर दिलं आणि लेखक संघटनेनं श्रेय पूर्ववत केलं ते २०११ मध्ये. एवढ्या मोठ्या माणसाला इतकी वर्षं लागली तर कॅटलॉगरचं नाव राहिलं तर ते कोण आणि कधी शोधणार?

ताईंसाठी मी अडून बसले की 'विशेष आभार'च्या लांब यादीत नाही, सुरुवातीच्या मुख्य नावांत 'अर्काइव्ह संशोधन' म्हणून पडद्यावर स्वतंत्र कार्ड. निर्मात्यांनी आढेवेढे घेतले, शेवटी दिलं. कायद्याचा मुद्दा यात आणायचा नाही हे मात्र वेळीच कळलं. कॉपीराइट कायद्यात फिल्मचा 'लेखक' म्हणजे मालकी कुणाकडे सुरू होते तो प्रश्न आहे आणि तो देशागणिक बदलतो, भारताच्या १९५७ च्या कायद्यात निर्माता, युरोपीय संघात मुख्य दिग्दर्शक हा निदान एक लेखक, ब्रिटनमध्ये निर्माता आणि मुख्य दिग्दर्शक दोघं. आपलं नाव आपल्या कृतीला लागावं हा नैतिक अधिकार कॉपीराइटवरच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ पासून आहे, पण तो लेखकाला, आणि लेखक कोण हे परत देशाचा कायदा ठरवणार. त्यामुळे मालकीचं कलम वेगळं आणि श्रेयाचं परिशिष्ट वेगळं, असं करारात लिहून घेतलं.

आता अर्काइव्ह. तिथला 'निर्माता' म्हणजे कागद किंवा रिळं ज्यानं जमवली तो माणूस, कुटुंब किंवा संस्था. एकाचा संग्रह दुसऱ्याच्या संग्रहात मिसळायचा नाही हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ पासून चालत आलंय आणि ते बरोबरच आहे. पण त्यात दोन माणसं दिसेनाशी होतात, एक कॅमेरा धरणारा, दुसरा नोंद लिहिणारा. नोंद अशी वाचायला मिळते जणू ती कुणी लिहिलीच नाही, आपोआप उगवली. खरं तर अर्काइव्हच्या नोंदींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयसॅड-जीमध्ये, २६ घटक आहेत आणि त्यात 'अर्काइव्हिस्टची टीप' हा घटक याचसाठी आहे की वर्णन कुणी, कशाच्या आधारानं केलं. तो सक्तीचा नाही म्हणून रिकामा राहतो. आम्ही विनंती केली तर आधी उत्तर आलं की काम संस्थेचं आहे, उद्या दुसऱ्या कोणी नोंद बदलली तर कुणाचं नाव ठेवायचं. आम्ही म्हटलं दोघांचंही ठेवा, प्रत्येक बदलाला नाव आणि तारीख, पेपरमध्ये जबाबदारी घेतात तशीच ही जबाबदारी आहे, उद्या एखादं वर्ष चुकीचं निघालं तर वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की ते कुणी कशावरून ठरवलं. जबाबदारीचा हा मुद्दा त्यांना पटला.

कॅमेरामनचा प्रश्न मात्र सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. कुटुंबाचं म्हणणं आजोबांनी शूट केलं. ताईंनी दाखवलं की बऱ्याच रिळांत आजोबा स्वतःच समोर आहेत आणि चिठ्ठ्यांवरचं अक्षर त्यांच्या बहिणीचं आहे. चिठ्ठी लिहिणारी तीच शूट करणारी असं सिद्ध होत नाही, पण ती एकाही रिळात दिसत नाही हेही खरं. कुटुंबाशी शांतपणे बोलून कॅटलॉगमध्ये बहिणीचं नाव 'संभाव्य चित्रण' म्हणून कारणासकट लिहिलं, पेपरमध्ये तसंच, आणि फिल्ममध्ये फुटेजखाली नुसतं संस्थेचं सौजन्य न टाकता त्याच्या आधी तिचं नाव. सौजन्याच्या ओळीत कायम जपणाऱ्याचं नाव जातं, ते जायलाच हवं, पण ज्यानं ते बघितलं आणि टिपलं त्याचं नाव निदान शोधायला तरी हवं ना.

शेवटी तिन्ही ठिकाणं एकमेकांना जोडायची होती. ताईंनी ऑर्किड काढलं, म्हणजे संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी क्रमांक, २०१२ पासून संशोधकांना मिळतो, अर्काइव्हमधल्या लोकांकडे सहसा नसतोच. पेपर डीओआयवरून, म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणाऱ्या कायमच्या क्रमांकावरून, त्यात आपोआप आला, फिल्म हातानं टाकली, आणि कॅटलॉगच्या टीपेतही तोच क्रमांक घातला, म्हणजे उद्या कोणी शोधलं तर तिन्ही कामं एकाच माणसाची दिसतील. बहिणीसाठी अर्काइव्ह आता वेगळी व्यक्तिनोंद बनवतंय, जन्ममृत्यूची सालं कुटुंबानं दिलीत, आणि तिच्या अक्षरातली आणखी दोन खोकी त्यांच्याकडे निघालीत, ती ताई पुढच्या महिन्यात उघडणार आहेत.