‘जादा’ म्हणजे किती?

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागले, त्या पहिल्याच सत्रात कॉपर ऑक्साइडची जवळजवळ अख्खी बाटली एका तासात संपली. घातली मुलांनी, पण कागदावर तसं लिहिलं होतं मीच.

प्रयोग इयर टेनचा, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा. गरम केलेल्या विरल सल्फ्युरिक आम्लात काळी पूड घालायची, गाळायचं, निळं द्रावण आटवायचं आणि मोरचुदाचे खडे पडायला ठेवून द्यायचे. माझी कृतिपत्रिका थेट आपल्या प्रयोगवहीच्या वळणाची: उद्देश, साहित्य, आकृती, कृती. भाषा इंग्रजी, पण डोक्यात ‘आम्ल घ्यावे, त्यात जादा कॉपर ऑक्साइड घालावे’ हेच घोळत होतं. कुणी घ्यावे, कधी थांबावे, काही पत्ता नाही!

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी गुजराती बोलतात, कुणाकडे पोलिश, कुणाकडे सोमाली. एका गटाने चिमूटभर पूड घातली आणि वाट बघत बसला. दुसऱ्याने इतकी घातली की बीकरमध्ये डांबर झालं. बाकीचे दर मिनिटाला, “मिस, आता काय?”

घरी भाजी परतताना सुचलं. आईने कधी ‘जादा परत’ म्हटलं नव्हतं. ‘तेल सुटेपर्यंत परत’ म्हणायची. मग नवी ओळ लिहिली: ‘एक चमचा घाला. ढवळा. तळाशी काळी पूड दिसते का? नसेल तर अजून एक चमचा. ढवळूनही राहिली, की थांबा.’ लांब झाली खरी, पण ‘आता काय’ बरंच कमी झालं.

दुसरी खोड आकृतीची. चित्र वर, सूचना खाली. मुलांची नजर वर-खाली होताना मधलंच काहीतरी गळायचं. जॉन स्वेलर यांनी १९८८ साली मांडलेला कॉग्निटिव्ह लोडचा, म्हणजे एका वेळी डोक्यावर पडणाऱ्या भाराचा, सिद्धांत मला बीएडला पाठ होता, उपयोग शून्य. आता प्रत्येक सूचना चित्रातल्या त्या त्या वस्तूशेजारीच लिहिते, क्रमांक घालून. अक्षर साधं, टोकांना शेपट्या नसलेलं, निदान बारा पॉइंटचं, कागद फिकट पिवळसर. इथल्या डिस्लेक्सिया असोसिएशनचा सल्ला असाच आहे, आणि तो सगळ्यांनाच सोयीचा पडतो.

सगळ्यात कडक परीक्षक मात्र आमच्या लॅब टेक्निशियन. प्रत्येक पत्रिकेची पहिली प्रत त्यांच्या हातात देते आणि तोंड मिटून शेजारी उभी राहते. (हे जमायला मला वर्ष लागलं.) कागदावर आहे तेवढंच त्या करतात, एक पाऊलही जास्त नाही. परवा ‘आम्ल हलकेच तापवा’ या ओळीपाशी थांबल्या आणि बर्नरची चावी हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. ती ओळ अजून माझ्या टेबलावर पडून आहे, लाल पेनने गोल केलेली.