पाचव्या माशानंतर

शनिवारी पेटी हार्बरहून गरवायला गेलो होतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्सच्या जवळचंच हे बंदर. घरमालक आजोबांची लहान बोट, आम्ही तिघं, हाताने सोडायची दोरी आणि गरी. मालवणात वाढलेल्याला यात नवं काही नाही. पण अर्ध्या तासात माझे पाच कॉड झाले आणि आजोबांनी माझ्या हातातली दोरी घेऊन गुंडाळायला सुरुवात केली. खाली मासा इतका, की गरी तळाला पोचायच्या आत ओढ लागत होती. माझा तिसरा मासा जेमतेम वीतभर होता. तो सोडतो आणि मोठा धरतो म्हटलं, तर तेही चालत नाही. धरलेला मासा लहान असला तरी पाचात मोजायचा. माणशी पाच, बोटीवर कितीही माणसं असली तरी पंधरा, आणि तेही ठरलेल्या दिवशीच.

मला राग आला. आसपास एकही अधिकारी नव्हता. आजोबा मात्र किनाऱ्याकडे वळले होते.

या बेटावर नुसतं 'फिश' म्हटलं की कॉडच समजायचा. १९६८ साली इथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली. त्यातला मोठा वाटा परदेशी ट्रॉलर्सचा. सामायिक कुरणात प्रत्येकाने आपलं एक जनावर वाढवलं की कुरणच संपतं, हा गॅरेट हार्डिन यांचा प्रसिद्ध निबंधही १९६८चाच. पाण्यातला मासा कोणाचाच नसतो, बोटीत पडला की तुमचा होतो. आज तुम्ही सोडलात तर उद्या दुसरा नेणार, मग सोडायचा कशाला?

१९७७मध्ये कॅनडाने २०० मैलांपर्यंतचं पाणी आपल्या ताब्यात घेतलं, परदेशी बोटी मागे हटल्या, आणि त्यांची जागा कॅनडाच्याच ट्रॉलर्सनी घेतली. मासा कमी होतोय, बारीक होतोय, असं किनाऱ्यावरचे लहान मच्छीमार सांगत राहिले. सरकारी अंदाज मात्र साठा भरपूर असल्याचे होते. २ जुलै १९९२ला मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी मासेमारी बंद केली. सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून आली, ती उठली २०२४मध्ये, आणि तीसुद्धा अवघ्या १८ हजार टनांच्या मर्यादेवर. आजोबांची उमेदीची वर्षं त्या बंदीत गेली. दोरी गुंडाळताना ते यातलं काही बोलले नाहीत.

म्हणून ऑफिसात कोणी "तुमच्याकडे असे नियम पाळत नसतील" म्हटलं की मला झोंबतं. विज्ञान, पैसा, कायदा सगळं हाताशी असून समुद्र रिकामा केला तो यांनी. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नसे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला दोराला ज्याचा हात लागेल त्याचा वाटा असे. लहानपणी मीही दोर धरून मूठभर तारल्या घरी नेल्या आहेत. सरकारी पावसाळी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची, पण थांबायचं असतं हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

हे मी ऑफिसात सांगितलं. माझे काका पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा जाळ्यात वेढणाऱ्या यांत्रिक बोटीवर, खलाशी होते हे नाही सांगितलं. त्यांच्या त्या पगारातून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. पर्ससीन आली आणि किनाऱ्यावर रापणीला बांगडा लागेनासा झाला, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. २०१६मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले तोवर माझं शिक्षण संपलं होतं. "दर्यो काय कोणाच्या बापाचो नाय," काका म्हणायचे, आणि रापणवाल्यांशी भांडणं व्हायची ती याच वाक्यावरून. पण काका बोटीवर गेले नसते तर त्यांच्या जागी दुसरा खलाशी चढला असता, बोट काही थांबली नसती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

रात्री तिरफळं घालून कॉडचं तिकलं केलं. मासा बांगड्यापुढे फिका, पण ताजा. काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रविवारची सकाळ, बाहेर पाऊस, ते ओट्यावर जाळं घेऊन बसलेले. सगळं सांगितलं.

"पाचच?"

"पाचच."

"आणि मासो होतो?"

"होता. भरपूर."

त्यांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. "मगे थांबवल्यान कोणी?"

"कोणीच नाही, काका. आजोबांनी दोरी गुंडाळली."

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माका दाखव त्येंका येकदा. बोलूक नको. नुसते बघतंय."